मिसळण्याआधी : सांडपाण्यातील सेंद्रिय प्रदूषके आणि विद्युतरसायन

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या बहुतेक नद्या होळीनंतर आटू लागतात. पाताळगंगा आणि उल्हास मात्र भर मे महिन्यातही वाहतात. हे पाणी त्यांना वीजघरांकडून मिळते. लोणावळा-वळवण परिसरातील तलावांचे पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली उतरून खोपोलीच्या टाटा वीजघरात येते, टर्बाइन फिरवते आणि पाताळगंगेला मिळते. १९१५ पासून हे चालू आहे. ठोकरवाडी तलावाचे पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघरातून पेज नदीत आणि पेजेतून उल्हासात जाते. हे सारे पाणी मूळचे भीमेच्या खोऱ्यातले. घाटाच्या वर धरणे झाली नसती, तर ते पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे गेले असते. आज त्यावर राजनाल्याच्या कालव्यावरचे उन्हाळी भात पिकते. न्हावा-शेवा पाणीपुरवठा योजना पाताळगंगेतून पाणी उचलते. उल्हासच्या पाण्यावर बदलापूरपासून कल्याणपर्यंतची शहरे तहान भागवतात.

या बारमाही पाण्यानेच खालापूर तालुक्यात आणि त्याच्या सीमेवर कारखाने आणले. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सार्वजनिक क्षेत्रातली कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि पाताळगंगेच्या काठी रसायनीला तिचा कारखाना उभा राहिला. पुढे पाताळगंगा एमआयडीसी आली. खोपोलीच्या परिसरात कागद, पोलाद, रसायने आणि औषधांचे मोठे-छोटे उद्योग वाढले. त्यांनी हजारो घरांना पगार दिला, हे कोणी नाकारू नये. त्यांच्यामागे नदीत काय उतरले, तेही नाकारता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. शिळफाटा ते खारपाडा पूल हा पाताळगंगेचा पट्टा त्या यादीत होता. उल्हासचाही होता.

अशा नदीकाठी राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या माणसांसाठी हे पुस्तक आहे. कारखान्याच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर) पाळी करणारा ऑपरेटर, पदविकेचा विद्यार्थी, छोट्या युनिटचा मालक, आणि ग्रामसभेत उठून प्रश्न विचारणारी बाई किंवा पुरुष हे त्याचे वाचक. विषय आहे विजेच्या साहाय्याने सांडपाण्यातले सेंद्रिय प्रदूषक नष्ट करण्याचा. विषयाचे शास्त्र पुढच्या प्रकरणांत येईल. त्या शास्त्रातून निघणारी एक गोष्ट मला इथेच सांगायची आहे, कारण बाकीचे सगळे तिच्यावर उभे आहे. विद्युतरसायन हे नदी साफ करण्याचे साधन नाही. ते कारखान्याच्या गेटच्या आत, घाण थोडी आणि दाट असतानाच वापरायचे साधन आहे. घाण इतर पाण्यात मिसळली, की याच साधनाची ताकद जवळजवळ संपते.

आधी कोणत्या पाण्याबद्दल बोलतो आहोत, ते स्पष्ट करू. कर्जत तालुक्यातल्या उल्हासचे दुखणे मुख्यतः माणसांच्या सांडपाण्याचे आहे. वाढणारे कर्जत आणि नेरळ, फार्महाऊस, रिसॉर्ट, लग्नाचे हॉल यांचे ते पाणी. त्यातले सेंद्रिय पदार्थ जिवाणूंच्या ओळखीचे असतात. हवा, वेळ आणि जागा दिली, तर जिवाणू ते स्वस्तात खाऊन टाकतात. अशा पाण्यासाठी विजेच्या पट्ट्या वापरणे ही उधळपट्टी ठरेल. तिथे हवे आहे ते मलनिस्सारणाचे जाळे, योग्य बांधलेल्या सेप्टिक टाक्या आणि रोज चालणारे जैविक शुद्धीकरण. कर्जतच्या एखाद्या रिसॉर्टला कोणी इलेक्ट्रोडचे यंत्र विकत असेल, तर रिसॉर्टच्या मालकाने आधी या साध्या गोष्टी झाल्या आहेत का, ते पाहावे.

खालापूरच्या बाजूची गोष्ट वेगळी आहे. औषधाचा मध्यस्थ पदार्थ, रंगद्रव्य किंवा राळ बनवताना रिॲक्टरमधून माल गाळून घेतला, की मागे मदर लिकर उरते. तिच्यात बेंझीनची कडी असलेले पदार्थ, नायट्रो किंवा क्लोरीनचे गट चिकटलेले रेणू, अमाइन, द्रावकांचे अंश आणि भरपूर मीठ असते. निसर्गातल्या जिवाणूंची अशा रेणूंशी ओळख फार थोडी. प्रतिजैविकांचे अंश तर जिवाणूंना मारण्यासाठीच बनवलेले असतात. ईटीपीवर काम केलेल्या प्रत्येकाला ती सकाळ माहीत आहे, जेव्हा रात्रीच्या पाळीत कोणीतरी दाट लिकर एकदम सोडलेली असते, जिवाणूंना हवा पुरवणाऱ्या एरेशन टँकवर पांढरा फेस चढलेला असतो, आणि ऑपरेटर म्हणतो, "कल्चर मेलं." मग शेण आणि गूळ टाकून पुन्हा कल्चर वाढवायचे, आणि तोवर पाणी कुठे जाते, हे विचारायचे नाही.

या दोन पाण्यांतला फरक दोन आकडे सांगतात. जिवाणूंना लागलेला प्राणवायू म्हणजे बीओडी. आपल्याकडे तो २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांत मोजतात. तीव्र रसायनाने सगळे जाळायला लागलेला प्राणवायू म्हणजे सीओडी. बीओडीला सीओडीने भागले आणि उत्तर ०.४ च्या वर आले, तर ते पाणी जिवाणूंना पचते असे साधारणपणे मानतात. उत्तर ०.१ च्या आसपास असेल, तर कितीही ब्लोअर चालवले तरी सीओडी हटत नाही. विद्युतरसायनाचे काम या दुसऱ्या पाण्यात सुरू होते.

काम कसे होते? पाण्यात दोन पट्ट्या उभ्या करायच्या आणि रेक्टिफायरमधून एकदिश प्रवाह सोडायचा; पट्ट्या असलेली ही टाकी म्हणजे घट. धनाग्रावर, म्हणजे धन पट्टीवर, पाण्याच्या रेणूमधून इलेक्ट्रॉन ओढले जातात आणि पट्टीच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. त्याचे ऑक्सिडीकरण विभव सुमारे २.८ व्होल्ट आहे, ओझोनचे २.०७ आणि क्लोरीनचे १.३६. सेंद्रिय रेणूंमध्ये त्याला दाद न देणारे फार थोडे. पण त्याचे आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतके किंवा त्याहूनही कमी असते. पट्टीपासून मिलिमीटरच्या हजाराव्या भागापलीकडे तो पोहोचत नाही. म्हणून प्रदूषकालाच पट्टीपर्यंत यावे लागते. या एका गोष्टीतून पुढचे सगळे गणित निघते.

धनाग्र कशाचे बनवायचे, यावर परिणाम ठरतो. टायटॅनियमवर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा थर दिलेल्या पट्ट्या क्लोर-अल्कली उद्योगात १९६० च्या दशकापासून रुजल्या, त्या हेन्री बीअर यांच्या संशोधनातून. या पट्ट्या टिकतात, पण मूलकाला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे प्रदूषक अर्धवटच जळतो. लेड डायऑक्साइड, टिन ऑक्साइड आणि बोरॉन मिसळलेला कृत्रिम हिरा यांच्यावर मूलक मोकळा राहतो आणि रेणू थेट कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेतो. हा फरक स्वित्झर्लंडमधील लोझानच्या ख्रिस्तोस कॉम्निनेलिस यांनी १९९४ मध्ये नीट मांडला, आणि या क्षेत्रातले पुढचे काम त्या मांडणीवर उभे राहिले.

दुसरी वाट ऋणाग्राची आहे. कार्बनच्या ऋणाग्रावर हवेतल्या प्राणवायूपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवता येते. त्यात थोडे लोह असेल आणि सामू ३ च्या जवळ ठेवला, तर पाण्याच्या आतच मूलक तयार होतात. लोह आणि पेरॉक्साइडची ही जोडी फेंटन यांनी १८९४ मध्ये नोंदवली होती. विजेमुळे पेरॉक्साइडचे ड्रम विकत आणावे लागत नाहीत आणि लोहही पुन्हा पुन्हा वापरले जाते. तिसरी वाट म्हणजे इलेक्ट्रोकोअॅग्युलेशन. यात लोखंडाची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी स्वतः झिजते आणि तिच्या गुठळ्यांना गाळ, तेल व काही रंग चिकटून बसतात. ही पद्धत जुनी आहे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस विल्यम वेबस्टर यांनी लोखंडी पट्ट्यांनी लंडनचे सांडपाणी शुद्ध करून पाहिले होते. आज आपल्याकडे सर्वांत जास्त विकली जाते तीही हीच. पण मिथेनॉल किंवा अॅसिटोनसारखे विरघळलेले छोटे रेणू तिच्याने हलत नाहीत. शिवाय बसलेला स्लज संपत नाही. तो घातक कचरा म्हणून तळोज्याला पाठवावा लागतो. प्रदूषक जाळणे आणि प्रदूषक गाळात ढकलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र विकायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारावा, की यांतले नेमके काय होते?

जळण्याची वाट किती टप्प्यांची असते, ते फिनॉलच्या उदाहरणाने समजते. घटात फिनॉलचे रंगहीन पाणी घेऊन प्रवाह सुरू केला, की ते आधी पिवळसर आणि मग तपकिरी होते. फिनॉलपासून हायड्रोक्विनोन आणि बेंझोक्विनोन बनल्याची ती खूण. पुढे कडी तुटते, मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्ल बनते, मग ऑक्झॅलिक, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड. रंग जातो तो कडी तुटल्यावर. बेंझोक्विनोन हे फिनॉलपेक्षाही जास्त विषारी आहे. म्हणजे वीज वाचवण्यासाठी कोणी मध्येच बटण बंद केले, तर बाहेर पडणारे पाणी आत आलेल्या पाण्यापेक्षा घातक असू शकते, आणि त्या वेळी सीओडीचा आकडा मात्र कमी झालेला दिसेल. आपल्या नियमांत यासाठी एक शहाणी चाचणी आहे. शुद्धीकरण केलेल्या, पण पातळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. नदीत जाळे टाकून पोट भरणाऱ्या कातकरी कुटुंबाला सीओडी म्हणजे काय, हे माहीत असण्याची गरज नाही. ही चाचणी त्याच्याच प्रश्नाचे उत्तर देते. ती कागदावर न राहता टाकीवर व्हावी, एवढे पाहिले पाहिजे.

आता विजेचे बिल. फॅरेडे यांनी १८३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांवरून हा हिशोब कोणालाही करता येतो. एक किलो सीओडी पूर्ण जाळायला सुमारे ३,३५० अँपिअर-तास लागतात. घटाला ५ व्होल्ट दिले, तर एका किलोमागे पावणेसतरा युनिट झाले. तेही प्रत्येक इलेक्ट्रॉनने कामच केले असे धरून. प्रत्यक्षात बरेच इलेक्ट्रॉन पाणी फोडून प्राणवायू सोडण्यात वाया जातात. लिटरला ५,००० मिलिग्रॅम सीओडी असलेल्या एका घनमीटर पाण्यात पाच किलो सीओडी असते, म्हणजे किमान ८४ युनिट. घरगुती सांडपाणी जिवाणूंकडून शुद्ध करायला घनमीटरमागे साधारण एका युनिटपेक्षाही कमी लागते. आपल्या वीजबिलावरचा दर घेऊन वाचकाने हा गुणाकार स्वतः करून पाहावा.

हा आकडा पाहून पुस्तक मिटू नये. पूर्ण जाळणे हे बहुतेक वेळा उद्दिष्टच नसते. कडी तोडून रेणू जिवाणूंना खाता येतील इतके लहान करायचे आणि पुढचे काम एरेशन टँकवर सोपवायचे, हा शहाणपणाचा मार्ग. विषारीपणा गेला का, आणि बीओडी-सीओडीचे गुणोत्तर वर आले का, हे तपासून थांबायचे. फार दाट लिकरसाठी बाष्पीभवन किंवा भट्टी, पातळ पाण्यासाठी जिवाणू, आणि या दोन्हींच्या मधल्या, जिवाणूंना न जुमानणाऱ्या पाण्यासाठी विद्युतरसायन, अशी ही कामाची वाटणी आहे.

आणि इथेच मिसळण्याचा प्रश्न येतो. समजा, एखाद्या युनिटमधून रोज १० घनमीटर असे पाणी निघते, सीओडी लिटरला ५,००० मिलिग्रॅम. त्यात ५० किलो सीओडी आहे. ते १,००० घनमीटर इतर पाण्यात सोडले, की या ५० किलोंचा वाटा लिटरला जेमतेम ५० मिलिग्रॅम दिसतो. कागदावर प्रश्न सुटला. पण मूलक पट्टीपासून दूर जात नाही, प्रदूषकच पट्टीपर्यंत येतो. आणि तो किती वेगाने येईल, हे त्याच्या दाटपणावर अवलंबून असते. दाटपणा शंभर पटींनी घटला, की पट्टीच्या प्रत्येक चौरस मीटरवरचे उपयोगी काम शंभर पटींनी घटते. तेच ५० किलो तेवढ्याच वेळात पकडायला जवळपास शंभर पट पट्ट्या लागतील, नाहीतर वीज नुसते पाणी फोडत बसेल. तांदळातले खडे सुपात असतानाच निवडायचे असतात, पातेल्यात शिजल्यावर नाही.

म्हणून पाताळगंगेसारख्या औद्योगिक वसाहतीत सामाईक प्रक्रिया केंद्र असले, तरी त्याच्यावर सगळा भार टाकून चालत नाही. तिथे पोहोचेपर्यंत अनेक कारखान्यांचे पाणी एक झालेले असते. पेचदार रेणू ज्या रिॲक्टरमधून निघतो, त्याच्या शेजारीच एक वेगळी टाकी, वेगळी पाइपलाइन आणि एक छोटा घट हवा. दिवसाला दोन-पाच-दहा घनमीटर पाणी हे विद्युतरसायनाला झेपणारे प्रमाण आहे. यंत्र लहान असते, हवे तेव्हा चालू-बंद करता येते, जिवाणूंसारखे आजारी पडत नाही, आणि छपरावरच्या सौर पॅनेलचा एकदिश प्रवाहही त्याला चालतो.

धोके लपवणे वाचकावर अन्याय होईल. पाण्यात मीठ असले, की धनाग्रावर क्लोरीन बनते. ते काही रेणू झटपट तोडते, पण काहींना चिकटून क्लोरोफॉर्म किंवा क्लोरोफिनॉलसारखी नवी प्रदूषके तयार करते. हिऱ्याच्या पट्टीवर हेच मीठ क्लोरेट आणि परक्लोरेटपर्यंत जाऊ शकते, आणि ज्या नदीतून पिण्याचे पाणी उचलतात, तिच्यात परक्लोरेट सोडणे अक्षम्य आहे. ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो, एक किलो सीओडीमागे जवळपास १,४०० लिटर. हवेत तो ४ टक्क्यांवर गेला, की ठिणगीची वाट पाहतो, आणि शेजारी द्रावकाची वाफ असेल तर विचारायलाच नको. घट उघड्या हवेशीर जागी हवा, बंद शेडमध्ये नको. पट्ट्यांवर राळेचा थर किंवा चुन्याची खपली बसते. ती ध्रुव उलटवून किंवा सौम्य आम्लाने काढावी लागते. हे सगळे सांभाळणारा माणूस प्रशिक्षित, पूर्ण पगारी आणि पाळीवर हजर असेल, तरच यंत्राला अर्थ आहे.

हे प्रशिक्षण आणि संशोधन आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. कारैकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था १९५३ पासून चालू आहे. नागपूरची नीरी १९५८ ची. माटुंग्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था १९३३ ची, आणि खोपोलीहून लोकलने काही तासांत गाठता येईल अशी. तिथले प्रबंध आणि इथल्या टाक्या यांच्यामधले अंतर कमी व्हावे, हा या पुस्तकाचा एक हेतू आहे.

कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र पुढे होता. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा. आपल्या राज्याने स्वतःचा असा कायदा १९६९ मध्येच केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. नदीत सोडायच्या पाण्याला सीओडी २५०, बीओडी ३० आणि फिनॉल १ मिलिग्रॅम प्रति लिटर अशा सर्वसाधारण मर्यादा आहेत. पण मिलिग्रॅम प्रति लिटर हा आकडा साधे पाणी मिसळूनही खाली आणता येतो. किलो मात्र तेवढेच राहतात, आणि नदीला किलोच भोगावे लागतात. वीजघर कमी वेळ चालले, की नदीचा प्रवाह घटतो, तेव्हा तर पातळ होण्याचा भरवसाही उरत नाही. दुसरीकडे, दाट कचरा टँकरमध्ये भरून दूर नेऊन ओतण्याचा गुन्हाही आपण पाहिला आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनीत असे रसायन सोडले गेले आणि शेकडो माणसे वायूने आजारी पडली. ज्या पाण्याची सोय गेटच्या आत होत नाही, ते कुठल्या तरी नाल्यावर पोहोचतेच.

म्हणून पुढची प्रकरणे वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. या कारखान्यातून न पचणारे सेंद्रिय पदार्थ रोज किती किलो निघतात? ते कोणत्या रिॲक्टरमधून, कोणत्या पाइपने निघतात? आणि इतर पाण्यात मिसळण्याआधी त्यांचे काय केले जाते? ऑपरेटरने हे मालकाला विचारावेत, मालकाने सल्लागाराला, ग्रामसभेने मंडळाला. या तिन्हींची उत्तरे किलोमध्ये, पाइपच्या नकाशासह आणि माशांच्या चाचणीच्या निकालासह मिळू लागली, तर पट्टी हिऱ्याची घ्यायची की टायटॅनियमची, हे ठरवणे सोपे आहे. ती उत्तरे मागण्याइतके ज्ञान वाचकाच्या हाती यावे, यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.